फळीवर पट्टे सोडा

तलावात पाणी जेमतेम कमरेच्या वर होतं. फळीवरून घसरून पडले ते सेलूचे सर. उंची पावणेसहा फूट, पोहता चांगलं येतं. पडण्याची कुणाला भीती नव्हती, पडून बघायलाच फळी टाकली होती. पण सर उभेच राहिनात. पाठीवरची बॅग वर तरंगतेय, तोंड पाण्यात आणि दोन्ही हात पाणी बडवताहेत. होडीवाले मामा आमच्या आधी पोचले. त्यांनी बॅगेची वरची मूठ धरून सरांना कुशीवर वळवलं, तेव्हा कुठे तोंड बाहेर आलं. सात-आठ सेकंद झाले असतील. काठावर उभ्या असलेल्या आठ जणांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं की माणूस बुडतोय.

परभणीपासून जवळचा तलाव, मे महिन्यातला रविवार, ऊन ४२ अंशांवर. ही नऊ जणांची तुकडी जूनमध्ये पेरूतल्या ॲमेझॉनच्या जंगलात निघाली होती, आणि निघण्याआधी त्यांची तयारी तपासायची, सराव करून घ्यायचा, हे आमचं काम. लिमाहून विमानानं तारापोतो, तिथून साधारण १३० किलोमीटर गाडीनं युरिमाग्वास, आणि तिथून पुढे रस्ता संपतो. इकितोस हे लाखो वस्तीचं शहर, पण बाहेरून तिथे रस्ता येत नाही. विमान नाहीतर नदी. युरिमाग्वासहून मालवाहू बोट निघते, तिला तिकडे लांचा म्हणतात. खालच्या मजल्यावर सिमेंट, केळीचे घड, कोंबड्या. वरच्या मजल्यांवर माणसं आपापल्या झोळ्या टांगून. आधी वायागा नदी, मग मारान्योन, आणि नाउता गावाजवळ मारान्योनला उकायाली मिळाली की तिथून पुढच्या पात्राला ॲमेझॉन म्हणतात. इकितोसपर्यंत अडीच-तीन दिवस. आमची तुकडी मध्येच लागुनासला उतरते, लहान होड्यांतून पकाया-सामिरिया राखीव जंगलात जाते आणि पुन्हा लांचा पकडते.

मराठवाड्यातल्या माणसाला उन्हाचं काही सांगावं लागत नाही, आणि तिथेच फसगत होते. तिकडे पारा ३२ च्या वर फारसा जात नाही हे ऐकून सगळे निवांत होतात. पण आपल्याकडे मे महिन्यात घाम आला तसा उडून जातो आणि अंग गार ठेवतो. तिकडच्या दमट हवेत घाम उडतच नाही, अंगावरून नुसता ओघळतो. आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही पडला तर. इकितोसला २८०० च्या घरात, आणि कोरडा म्हणावा असा महिनाच नाही. आपल्याकडे धुतलेला शर्ट बाभळीवर टाकला की अर्ध्या तासात कडकडीत वाळतो. तिथे तो तीन दिवस ओला राहतो आणि मग त्याला बुरशी येते. कोरडेपणा आपल्याला फुकट मिळतो, म्हणून तो जपायची सवयच नाही. तिथे कोरडं राहणं हेच रोजचं काम असतं. पाय सतत ओले राहिले की कातडी पांढरी पडते, सोलते, आणि तिसऱ्या दिवशी चालणं बंद होतं.

म्हणून सकाळी सात वाजता पहिलं काम बॅगांचं. घरून भरून आणलेली बॅग जशीच्या तशी पाण्यात दाबून धरायची, पाच मिनिटं, घड्याळ लावून. नऊपैकी सात बॅगा आतून ओल्या निघाल्या. दोघांचा भरवसा रेनकव्हरवर होता. कव्हर वरून येणारा पाऊस अडवतं, पण पाठीच्या बाजूनं ते उघडंच असतं. तिथून पाणी उतरतं आणि कव्हरच्या तळाशी घमेल्यासारखं साचतं. चौघांकडे तोंड गुंडाळून बंद करायच्या ड्रायबॅग होत्या, महागाच्या. त्या गळाल्या कारण ठासून भरल्यामुळे तोंडाला जेमतेम एकच घडी बसली होती. किमान तीन घड्या बसल्या पाहिजेत, म्हणजे पिशवी वरून चार-पाच बोटं रिकामी ठेवायची, हवा दाबून काढायची, मग गुंडाळायची. सातव्या बॅगेत सगळं साध्या कॅरीबॅगमध्ये होतं, त्याबद्दल बोलायला नको.

कोरड्या निघाल्या त्या दोनच, उदगीरच्या ताईंची आणि सेलूच्या सरांची. दोघांनी आमची पद्धत नीट पाळली होती. बॅगेच्या आत तिच्यापेक्षा हातभर मोठी, जाड प्लास्टिकची नवी पिशवी घालायची (खताच्या गोणीतली जुनी नको, त्यात औषधाचा अंश राहतो). सामान भरून झालं की तोंड पिळायचं, पीळ उलटा दुमडायचा आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची रिंग दोनदा चढवायची. रबरी रिंग ओल्या हातानंही निघते. दोरीची गाठ भिजली की निघत नाही. खर्च फार तर शंभर रुपये. सरांची बॅग उघडली तर आतला टॉवेल कोरडा ठणठणीत. आम्ही ती सगळ्यांना दाखवली, हात घालून बघायला लावलं.

त्याच बॅगेनं अर्ध्या तासानं सरांचं तोंड पाण्यात दाबून धरलं.

हिशेब सोपा आहे, तरी तो आधी सांगायला हवा होता. ४० लिटरची बॅग पूर्ण बुडाली तर पाणी तिला ४० किलोच्या जोरानं वर लोटतं. बॅगेचं वजन ९ किलो. म्हणजे तीसेक किलोचा जोर पाठीवर, वरच्या दिशेनं, आणि तो कमरेच्या नि छातीच्या पट्ट्यांनी अंगाला जखडलेला. गळकी बॅग पाणी भरून जड होते, खाली ओढते, ते कुणालाही कळतं. हवाबंद बॅग माणसाला पालथा घालते हे कुणाच्या डोक्यात येत नाही. कमरेएवढ्या पाण्यातही पाय खाली टेकवायला आधी अंग उभं व्हावं लागतं, आणि बॅग तेच होऊ देत नाही.

नियम एवढाच: फळी, होडी, ओढा, पाण्यावरून काहीही ओलांडायचं असेल तर आधी कमरेचा पट्टा सोडा, छातीचा सोडा, खांद्याचे पट्टे सैल करा. पडलात तर एक खांदा काढला की बॅग सुटते आणि मग तीच बॅग तरंगायला धरता येते. सरांना चढाच्या वाटेवर कमरेचा पट्टा आवळायची सवय आम्हीच लावली होती, कारण तिथे वजन खांद्यावरून कमरेवर घ्यायचं असतं. पट्टे सोडायचं मात्र फळीवर पाय ठेवायच्या आधी सांगितलं नाही. लाइफजॅकेटं तेव्हा लिंबाखाली ढिगात पडली होती. पाणी उथळ म्हणून ती दुपारच्या सरावाला ठेवली होती. दोन्ही चुका आमच्या. त्या दिवसापासून क्रम बदलला. आधी जॅकेट, मग पट्टे, मग फळी.

फळी हवीच का, असं कुणी विचारलं. हवीच. पावसाळ्यात आणि उतरत्या पाण्यात तिकडच्या नदीच्या पातळीत आठ-दहा मीटरचा फरक पडतो, म्हणून लहान गावांना पक्का धक्का बांधलेला नसतो. बोट चिखलाच्या काठाला नाक लावते, वरून एक फळी टाकतात, वीतभर रुंदीची. समोरून पोती घेऊन हमाल येत असतात, ते थांबत नाहीत. रात्री दोनलाही उतरावं लागतं. पावलं आडवी टाकायची, नजर पायाखाली नाही तर फळीच्या पलीकडच्या टोकावर, आणि एका वेळी एकच माणूस, कारण दुसऱ्याच्या पावलानं फळी लचकते.

चहा झाल्यावर सरांनी स्वतःच पुन्हा फळीवर जायचं म्हटलं. पट्टे सोडून, जॅकेट घालून, आणि या वेळी मुद्दाम मधोमध पडले. डावा खांदा काढला, बॅग पुढे घेतली, तिच्यावर छाती टेकून काठाला आले. मग बाकीच्या आठांनी तेच केलं. तुकडीतल्या मावशींनी दोनदा.

जॅकेटची परीक्षा वेगळी घेतली. घालून सगळे पट्टे आवळायचे आणि दुसऱ्यानं खांद्याला धरून वर ओढायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाणार. दोन जॅकेटं आम्ही तिथेच बाद केली. वर्षानुवर्षं ढिगाखाली दबून त्यांचा फोम चपटा झाला होता, दाबला की परत फुगत नव्हता.

दुपारी झोळ्या. लांचावर खाट मिळत नाही, झोळी आपली आपण न्यायची आणि छताच्या आडव्या पाइपांना बांधायची. दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर दोरी, ८ मिलिमीटर जाडीची, पॉलिस्टरची. मानवतच्या जिनिंगवाल्या काकांनी बाजारातली पिवळी प्लास्टिकची दोरी आणली होती आणि झोळी खाटेसारखी ताठ ताणली होती. मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, एवढी ताणू नका, लेकराची झोळी अशी बांधत्यात का?" काका बसले आणि गाठ सरकून दीड फुटावरून पाठीवर आपटले. खाली मऊ माती होती, लागलं नाही.

मावशींची आयुष्यभर शेतात झाडाला झोळी बांधलेली. त्यांची झोळी पहिल्याच खेपेला बरोबर होती, खोल, पोटाळलेली. कारण असं: दोरीचा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन असेल तर दोन्ही दोऱ्यांवर प्रत्येकी माणसाच्या वजनाएवढाच ताण येतो. कोन १० अंशांवर आणला की ताण जवळपास तिप्पट होतो. काकांचं वजन ८०, म्हणजे एकेका दोरीवर २३० किलो, आणि प्लास्टिकची दोरी मुळातच निसरडी. कोन मोजायला साधन लागत नाही. तर्जनी आडवी, अंगठा ताठ उभा धरा. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंतची तिरकी रेघ म्हणजे साधारण ३० अंश. दोरी त्या रेघेत बसली पाहिजे. पाइपाला आधी दोन पूर्ण वेढे, मग दोन गाठी. भार वेढ्यांनी घ्यायचा, गाठींनी फक्त धरून ठेवायचं. आणि झोपायचं झोळीत तिरपं, म्हणजे पाठ सपाट राहते.

जागा पकडायला बोटीवर लवकर जायचं. फळ्यावर निघायची वेळ खडूनं लिहिलेली असते, पण माल भरल्याशिवाय लांचा हलत नाही, कधी दुसरा दिवस उजाडतो. तोवर बोटीवरच झोपता येतं. वरचा मजला घ्या. इंजिन, संडास आणि स्वयंपाकघर यांच्यापासून लांब, आणि दिव्याखाली तर मुळीच नको, रात्रभर किडे पडतात. पहाटेचा वारा गार असतो, पातळ चादर लागतेच. ताट आणि चमचा आपला न्यायचा. अंघोळीचं पाणी थेट नदीतून उपसलेलं असतं आणि जेवणालाही बऱ्याचदा तेच वापरतात, म्हणून पिण्याचं वेगळं ठेवायचं.

पाण्याच्या बाबतीत आमच्या लोकांना टँकरचा अनुभव आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची, दुपदरी कापडातून गाळायचं, हे सगळ्यांना येतं. पण तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. गाळल्यावर क्लोरीनची गोळी टाकून ३० मिनिटं थांबायचं, आणि उलटा क्रम करायचा नाही, कारण गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. सोय असेल तर खळखळून एक मिनिट उकळणं सगळ्यात भरवशाचं.

संध्याकाळी कागद. पिवळ्या तापाची लस सरकारनं नेमलेल्या केंद्रांतच मिळते, आमचे बहुतेक जण मुंबईला जातात. दाखला टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो आणि आता तो आयुष्यभर चालतो. त्याच्याशिवाय परत आलं तर विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. एकाची तारीख ऐन निघायच्या आठवड्यातली होती, ती अलीकडे घ्यायला लावली. काका ६३ वर्षांचे. साठीनंतर या लसीचा धोका वाढतो, म्हणून त्यांना आधी डॉक्टरांशी बोलूनच ठरवा असं स्पष्ट सांगितलं. हिवतापाची डॉक्सीसायक्लीन डॉक्टरांनी दिली असेल तर परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची. घरी पोचलं की लोक बंद करतात आणि मग ताप येतो. सापाबद्दल विचारणा झाली. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यासाठी, तिकडच्या सापांवर तिचा उपयोग नाही. म्हणून रात्री झोळीतून उतरताना आधी बॅटरी, मग पाय.

निघताना प्रत्येकाला त्याचा ओला शर्ट बाभळीवर वाळवू दिला नाही. हवाबंद पिशवीत घालून दिला आणि दोन दिवस उघडू नका म्हणून सांगितलं. मंगळवारी काकांचा फोन आला. डॉक्टरांनी लसीला होकार दिला होता. दोरी नवी घेतली होती. पिशवी उघडल्यावर घरभर वास सुटला होता, आणि सुती सहा शर्टांऐवजी लवकर वाळणारे दोन आणि झोपायला एक, तो कायम रिंग लावलेल्या पिशवीत, एवढंच नेलं तर चालेल का, असं ते विचारत होते. मोज्यांचंही तसंच करा म्हणालो. चालायला ओला जोड, झोपायला कोरडा, आणि सकाळी कितीही जिवावर आलं तरी ओलाच परत चढवायचा.