आमची वाटचाल: पन्नासावा दिवस

संरक्षण क्षेत्रातलं आमचं पहिलं काम म्हणजे एका रडार केंद्रासाठी संदेश पाठवणारं मॉड्यूल. तेव्हा आम्ही तिघंच होतो. त्याआधी कारखान्यांतल्या यंत्रांचे कंट्रोलर लिहायचो आणि आपला कोड वेगवान असतो याचा आम्हाला अभिमान होता. सरासरी प्रतिसाद २ मिलिसेकंद, असं सादरीकरणात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. समोरच्या ज्येष्ठ मॅडमनी एवढंच विचारलं, "आणि जास्तीत जास्त किती?" आम्ही ते मोजलंच नव्हतं.

मोजून दिलं, काम मिळालं. ७२ तासांच्या चाचणीत एकही संदेश हुकला नाही. आणि बसवल्यानंतर पन्नासाव्या दिवशी मॉड्यूल गप्प झालं. ४९ दिवस १७ तास चालून.

आकडा पाहताच कारण कळलं. ३२ बिटांच्या काउंटरमध्ये मिलिसेकंद मोजत गेलं की तेवढ्या वेळाने तो भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. पुढचा संदेश कधी पाठवायचा ती वेळ गाठली का, हे आमचा कोड थेट "मोठा की लहान" असं बघून ठरवायचा. दोन वेळांची वजाबाकी करून फरक बघितला असता, तर काही बिघडलं नसतं. एका ओळीची दुरुस्ती. केंद्र प्रशिक्षणाचं होतं, म्हणून कुणाच्या जिवावर बेतलं नाही.

त्या आठवड्यात सौदी अरेबियातल्या धाहरानचा, आखाती युद्धातला प्रसंग मी पुन्हा मुळापासून वाचला. २५ फेब्रुवारी १९९१. तिथली पेट्रियट, म्हणजे येणारी क्षेपणास्त्रं पाडणारी अमेरिकी यंत्रणा, सलग शंभर तासांहून जास्त चालू होती. वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजली जायची, पण ०.१ हा आकडा बायनरीत पूर्ण बसत नाही, तो २४ बिटांवर तोडलेला होता. शंभर तासांत चूक साचली ०.३४ सेकंदाची. तेवढ्या वेळात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणा भलत्याच जागी पाहत राहिली आणि २८ सैनिक गेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोचलं. हे वाचताना मला आमचे ७२ तास आठवत होते.

तेव्हापासून आमच्याकडे चाचणीत प्रत्येक काउंटर भरायला पाच मिनिटं उरलेली असतानाच सुरू होतो. लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येही ही युक्ती आहे, तिथूनच घेतली. दुसरा नियम: यंत्रणा चालू झाल्यावर कोडने नवी मेमरी मागायची नाही. वॉचडॉगबद्दल, म्हणजे यंत्रणेवर लक्ष ठेवणाऱ्या टायमरबद्दल, माझं मत जरा कडक आहे: अडकलेली यंत्रणा तो पुन्हा सुरू करतो हे चांगलंच, पण अडकण्याचं कारण पुसलं गेलं तर तो दोष झाकतो. म्हणून रीस्टार्टआधी शेवटची स्थिती जपून ठेवायलाच हवी.

सगळ्यात अवघड गेले मल्टिकोर प्रोसेसर, म्हणजे एकाच चिपवर एकाच वेळी काम करणारे अनेक गणनाभाग (कोर) असलेले. शेजारच्या कोरने मेमरीवर ताण दिला की आपल्या कोडला लागणारा वेळ वाढतो, आणि किती वाढेल हे आपला कोड वाचून कळत नाही. एका कामात कमाल वेळेच्या आकड्यावर सही मागितली गेली. आमच्या मोजणीत तो आकडा दोनदा ओलांडला गेला होता. सही केली नाही, काम दुसरीकडे गेलं. पैशांची फार ओढाताण झाली, पण टीममधल्या कुणीही सही करा म्हटलं नाही.

आज आम्ही अकरा जण आहोत. अहवालात पहिला आकडा कमाल वेळेचा असतो, सरासरी शेवटच्या पानावर. नव्या मॉड्यूलचा एक संच प्रयोगशाळेत न थांबवता चालू आहे. आज त्याचा १३८वा दिवस.