वजन स्टोनमध्ये, कंबर इंचात

इंग्लंडमध्ये कुणी "अर्धा स्टोन उतरवला" म्हणालं, तर सव्वातीन किलोच्या आसपास वजन कमी झालं असं समजायचं. एक स्टोन म्हणजे १४ पौंड, म्हणजेच ६.३५ किलो. इथे बटाटे किलोने मिळतात, दवाखान्यात नर्सही किलोतच नोंद करते, पण स्वतःच्या वजनाचा विषय निघाला की बरेच जण स्टोनवर येतात.

भारतातून नव्याने आलेल्यांची फसगत होते ती स्टोनच्या पुढच्या आकड्यात, कारण तो दशांश नसतो. काट्यावर ९:१० दिसलं तर ते नऊ स्टोन दहा पौंड, म्हणजे ६१.७ किलो. तेच ९.१ स्टोन समजून कॅल्क्युलेटरमध्ये घातलं की उत्तर येतं ५७.८. चार किलो बसल्या जागी गायब, आणि घरी फोनवर "इकडची हवा मानवली" अशी चर्चा सुरू! बहुतेक डिजिटल काट्यांच्या मागच्या बाजूला किलो, पौंड आणि स्टोन यांतून निवडायचं बटण असतं. काटा आणला की आधी ते किलोवर करून टाकावं. दुसरं म्हणजे इथल्या बेडरूममध्ये कार्पेट असतं आणि मऊ जमिनीवर काटा खोटं बोलतो. तो बाथरूमच्या किंवा स्वयंपाकघराच्या कडक फरशीवरच ठेवावा.

तोंडी हिशेब करायचा तर स्टोनला सहाने गुणा आणि त्यात स्टोनचा एक तृतीयांश मिळवा. अकरा स्टोन म्हणजे ६६ अधिक साडेतीनच्या वर थोडं, म्हणजे ७० ला जरासं कमी. अमेरिकेत नुसते पौंड असतात. तिथे निम्मे करून त्यातून दहावा हिस्सा वजा करायचा. १५८ चे निम्मे ७९, त्यातून आठ गेले, राहिले ७१. खरं उत्तर ७१.७ आहे, पण गप्पांपुरतं एवढं पुरे.

पौंडांचा आणखी एक त्रास असा, की आकडा मोठा दिसतो म्हणून त्याची हालचालही मोठी वाटते. रात्री पापड-लोणच्यासकट भरपेट जेवण झालं की मीठ पाणी धरून ठेवतं आणि सकाळी काटा किलोभर पुढे असतो. पौंडांत तो दोनच्या वर जातो आणि माणूस नाश्ता टाळायला लागतो. ती चरबी नसतेच, एक-दोन दिवसांत उतरते. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्याआधी करावं.

उंचीचा घोळ तर आपण घरूनच घेऊन येतो. भारताने मेट्रिक पद्धत स्वीकारून सहा दशकं उलटली, तरी लग्नाच्या बायोडाटात उंची फूट-इंचातच असते आणि लिहायची पद्धत "५.४" अशी. ऑनलाइन फॉर्मने तो दशांश धरला तर ५.४ फूट म्हणजे १६४.६ सेंटीमीटर, आणि पाच फूट चार इंच म्हणजे १६२.६. फरक दोनच सेंटीमीटरचा, चालून जाईल. पण "५.१०" लिहिणाऱ्याचं अवघड होतं. १७८ सेंटीमीटरचा माणूस १५५ चा ठरतो आणि त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, थेट लठ्ठपणाच्या रकान्यात जाऊन बसतो. आपली उंची सेंटीमीटरमध्ये एकदा मोजून पाठ करून ठेवावी.

कपड्यांच्या लेबलवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही, पण मनाला सर्वांत जास्त तेच लागतं. बायकांच्या कपड्यांचा ब्रिटिश १२ नंबर अमेरिकेत साधारण ८, जर्मनीत ३८, फ्रान्समध्ये ४० आणि इटलीत ४४ होतो. दुकानागणिक एखादा नंबर पुढेमागे. अंग तेच, पण मिलानमध्ये ४४ वाचून कुणाचा चेहरा पडतो आणि न्यूयॉर्कमध्ये ८ वाचून खुलतो. अमेरिकेत १९५८ साली बायकांच्या मापांचं सरकारी प्रमाण ठरलं होतं, ते १९८३ मध्ये रद्द झालं. तेव्हापासून तिथे ज्याने त्याने आपल्या गिऱ्हाइकाला बरं वाटेल असा नंबर छापावा. म्हणून भारतात मीडियम घालणारी मुलगी तिथे एक्स्ट्रा स्मॉल होते. तिची कंबर तसूभरही हललेली नसते.

पुरुष यातून सुटलेत असं वाटतं, कारण पँटवर चक्क इंच छापलेले असतात. तेही धरून चालू नका. पँट सपाट पसरून कमरेच्या पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत टेप लावा आणि दुप्पट करा. ३४ छापलेल्या पँटची पट्टी ३६ भरते, असं सर्रास आढळतं. वर ती पँट बेंबीच्या खाली बसते आणि पोट तिच्यावरून पुढे येतं. खरी कंबर मोजली तर ३७-३८ निघते.

गावाकडच्या शिंप्याला मापं कळवताना "अंगाचं माप" की "कपड्याचं माप" हे आधी स्पष्ट लिहावं. तुम्ही दोन इंच सैल धरून छाती ३८ कळवली आणि त्याने सवयीने आणखी दोन इंच धरले, की ब्लाउजचं पोतं झालंच. नीट बसणारा जुना ब्लाउज सपाट ठेवून छाती, तीरा, मुंढा, बाही आणि उंची मोजून पाठवणं सर्वांत खात्रीचं.

इथवर सगळी गंमत होती. नुकसान करणारा घोळ वेगळाच आहे आणि तो एककांचा नाही. उंची १७० सेंटीमीटर, वजन ११ स्टोन ४ पौंड, असा माणूस घ्या. किलो झाले ७१.७. त्याला उंचीच्या मीटरमधल्या वर्गाने, म्हणजे २.८९ ने भागलं की बीएमआय येतो २४.८. भिंतीवरच्या सर्वसाधारण तक्त्यात २५ च्या खाली सगळं हिरवं, म्हणजे गडी तंदुरुस्त. पण दक्षिण आशियाई लोकांसाठी ब्रिटनमध्येच जादा वजनाची रेघ २३ वर आणि लठ्ठपणाची २७.५ वर आहे. भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये ठरवलेल्या निकषांत तर २५ पासूनच लठ्ठपणा सुरू होतो. आपल्या गड्यासाठी २३ ची रेघ साडेसहासष्ट किलोवर येते, म्हणजे तो तिच्या पाच किलो पुढे आहे. एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, वेबसाइटवरचं बीएमआयचं गणनयंत्र वंश विचारतं. तो रकाना भोचकपणा वाटून रिकामा सोडू नये, रेघ त्यावरूनच बदलते.

आपल्यासाठी वेगळी रेघ का, याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात, यकृता-आतड्यांभोवती. याची सुरुवात जन्मापासून होते. याज्ञिकांच्या अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोंची होती आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची. हलक्या बाळांत स्नायू बरेच कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. त्यामुळे हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं सुटलेलं, ही आपल्याकडची ओळखीची ठेवण मधुमेहाच्या बाबतीत गोऱ्या जाडजूड शेजाऱ्यापेक्षा धोक्याची असू शकते. परदेशात दुकान "स्मॉल" म्हणतं, तक्ता "नॉर्मल" म्हणतो आणि आजूबाजूला सगळे आपल्यापेक्षा आडवे दिसतात. खुशामतच ती, आणि ती महागात पडते.

म्हणून कंबर मोजा. शेवटच्या बरगडीचं खालचं टोक आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपा, दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप येऊ द्या. कपड्यावरून मोजू नका. टेप पाठीमागे खाली घसरतो, म्हणून आरशात बघून तो आडवा सरळ आहे ना, ते पाहा. श्वास नेहमीसारखा सोडा आणि मग वाचा, पोट आत ओढून नाही. टेप अंगाला लागलेला हवा, रुतलेला नको. शिंप्याच्या कापडी टेपच्या एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर असतात, वाचताना बाजू बदलू नये. जुना टेप ताणलेला असतो आणि माप कमी दाखवतो, तेव्हा स्टीलच्या पट्टीशी एकदा ताडून पाहावा.

भारतीयांसाठी मर्यादा पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८०. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ४० आणि ३५ इंच सांगतात, म्हणजे सुमारे १०२ आणि ८९ सेंटीमीटर. ती मोजपट्टी आपली नव्हे. आकडे लक्षात राहत नसतील तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, एवढं धरा. १७० ला ८५.

कंबर पुढे गेलेली असेल तर जीपीकडून, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडून, एचबीए१सी ही गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी करून घ्यावी. इथला रिपोर्ट टक्क्यांत येत नाही. ब्रिटनमधला ४२ म्हणजे भारतातला ६ टक्के, आणि मधुमेहाची रेघ ४८, म्हणजे आपली ६.५. ताडून पाहण्याची सोपी युक्ती अशी : टक्क्यांतून दोन वजा करा, आलेल्या उत्तरातून पुन्हा दोन वजा करा, आणि दुसरं उत्तर दशकात व पहिलं एककात लिहिलेलं वाचा. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, म्हणजे ५३. उपाशीपोटीची साखरही इथे वेगळ्याच एककात असते, भारतातला आकडा काढायला तिला १८ ने गुणावं लागतं. "माझी शुगर ५.६ आली" असं कोल्हापूरला फोनवर सांगितलं, तर तिकडे ती एचबीए१सी समजून निर्धास्त होतात. प्रत्यक्षात ती १०१ असते. घरी सांगताना गुणून सांगावं, आणि चाचणी कुठली होती तेही.