थरथर परत येताना

माझ्या टाइप 1 मधुमेहाच्या सुरुवातीच्या वर्षांत रक्तातील साखर डेसिलीटरमागे 70 मिलिग्रॅमच्या खाली उतरू लागली की हात थरथरत, दरदरून घाम फुटे आणि छातीत धडधडू लागे. आजाराच्या एकोणिसाव्या वर्षी मात्र, एका दुपारी शांतपणे पत्र लिहीत असताना नेहमीच्या तपासणीत ग्लुकोमीटरवर 46 हा आकडा दिसला. यंत्र बिघडले असावे असे समजून दुसऱ्या बोटाचे रक्त तपासले, तर 44. साखर घेऊन सावरल्यावर पत्र वाचले, तेव्हा शेवटी एकच वाक्य तीनदा लिहिलेले आढळले.

साखर उतरल्याचे किती कळते, हे डॉक्टरांनी 1 ते 7 या मापावर विचारले. 1 म्हणजे नेहमी, 7 म्हणजे कधीच नाही. मी 4 सांगितले, पत्नीने 6. तिचे उत्तर खरे होते, कारण साखर उतरल्यावरची माझी बडबड तिलाच ऐकावी लागे. साखर वारंवार उतरत राहिली की ॲड्रेनालिनचा प्रतिसाद बोथट होतो आणि घाम फुटण्याआधीच मेंदू अडखळू लागतो, असे डॉक्टरांनी समजावले. ज्या 6.1 टक्के एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचा) मला अभिमान होता, त्या सरासरीत हे सारे उतार दडलेले होते.

उपाय ऐकायला सोपा होता: काही आठवडे साखर 70 च्या खाली जाऊच द्यायची नाही. बेसल, म्हणजे दिवसभर संथपणे काम करणारे इन्सुलिन कमी केले, सेन्सरची घंटा 80 वर लावली आणि गाडी चालवणे थांबवले. सेन्सर त्वचेखालील द्रवातील साखर मोजतो व रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो, म्हणून घंटा आधीच वाजायला हवी होती. खरे कठीण गेले ते 180 पाहूनही जादा इन्सुलिन न टोचणे. वर्षानुवर्षे ज्या आकड्याला अपराध मानले, तो मुकाट्याने पाहत बसायचे होते.

चौथ्या आठवड्यात पहाटे मान घामाने भिजली म्हणून जागा झालो, आणि त्यानंतर घंटा वाजली. बोटाच्या रक्तात 67 होते. 15 ग्रॅम ग्लुकोज घेतले आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासले, तर 94. हातांची थरथर अजून परतलेली नाही, त्यामुळे घंटा चालू आहे आणि ग्लुकॅगॉन, म्हणजे साखर फार उतरल्यास ती वर आणणारे आणीबाणीचे औषध, कुठे ठेवले आहे हे पत्नीला ठाऊक आहे.