४०२ मीटर आणि आरसी बुक

वडिलांनी १९९१ साली घेतलेली प्रीमियर ११८ एनई ही मोटार ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या आवारात नऊ वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. ती भंगारात द्यावी, की पूर्वीसारखी करून गणपतीत फुले घालून बाहेर काढावी, यावर घरात दोन तट पडले होते. तिची ड्रॅग रेसर, म्हणजे उभ्या जागेवरून सुटून पाव मैल सरळ धावणारी शर्यतीची गाडी करायची, आणि तरीही सोमवारी तिनेच घोडबंदर रस्त्याने कामावर जायचे, असे मी जाहीर केले तेव्हा हे दोन्ही तट माझ्याविरुद्ध एक झाले.

११८ एनईला स्पोर्ट्स कार म्हटले की लोक हसतात आणि तिचा चौकोनी चेहरा पाहता त्यांना दोषही देता येत नाही. तिचे कूळ मात्र बघण्यासारखे आहे. ही गाडी मुळात १९६६ ची फियाट १२४. तिला १९६७ मध्ये युरोपातला ‘कार ऑफ द इयर’ हा मान मिळाला होता, इटलीत याच १२४ च्या आधाराने स्पायडर ही उघड्या टपाची स्पोर्ट्स कार निघाली आणि रशियातल्या लाडाचाही जन्म तिच्यातूनच झाला. आपल्याकडे प्रीमियरने १९८५ मध्ये कुर्ल्यात ती बनवायला घेतली तेव्हा बॉडी फियाटची ठेवली आणि आत निसानचे ए१२ इंजिन घातले. नावातला ‘एनई’ म्हणजे निसान इंजिन. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७० मिलिमीटर, क्षमता १,१७१ सीसी आणि ताकद जेमतेम ५२ अश्वशक्ती. पण स्ट्रोक बोअरपेक्षा लहान असलेले, बिडाच्या ब्लॉकचे आणि ॲल्युमिनियमच्या हेडचे हे इंजिन वरच्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला जास्त फेऱ्यांना, आनंदाने फिरते. याच घराण्यातल्या इंजिनांवर जपानमध्ये निसान सनी गाड्या सर्किटवर धावत असत. शिवाय गाडीला मागच्या चाकांची चाल आहे, आणि ड्रॅगसाठी मला तेवढे पुरेसे होते.

वागळे इस्टेटमधल्या ज्या गॅरेजात काम करायचे ठरले, तिथल्या मिस्त्रीकाकांचा पहिला सल्ला सरळ होता: “साहेब, काँटेसाचं इसुझू इंजिन टाकू. अठराशे सीसी. कटकटच मिटली.” कटकट मिटली नसती, सुरू झाली असती. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्र विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच भूमिकेवर शिक्कामोर्तब केले. इंजिन, आसनसंख्या, सगळेच त्यात आले. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी आरटीओत तपासणीला उभी करावी लागते, ते वेगळेच. त्यामुळे आरसी बुक हीच माझी नियमपुस्तिका ठरली, आणि खरे सांगायचे तर शर्यतीच्या कोणत्याही नियमपुस्तिकेपेक्षा ती अधिक कडक निघाली.

झिजलेले सिलिंडर अर्धा मिलिमीटर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन घालणे हे कोणत्याही ओव्हरहॉलमधले नेहमीचे काम. त्याने क्षमता १,१८८ सीसीच्या आसपास गेली. हेड फेसिंग करून कॉम्प्रेशन थोडे वाढवले, पोर्ट हाताने घासून गुळगुळीत केले, कॅमशाफ्ट नव्या मापात ग्राइंड करून घेतला, प्लॅटिनम पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले आणि हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या मूळ कार्बोरेटरच्या जागी दोन घशांचा वेबर आणला. कार्बोरेटरच्या जेटने, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोटीने, सर्वांत जास्त वेळ खाल्ला, कारण आता पंपावर मिळते ते पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिसळलेले. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुनी जेट तशीच ठेवली तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते. जेट मोठी केली की पीयूसीच्या यंत्रावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा चढतो, आणि इतक्या जुन्या गाडीला त्याची मर्यादा ३ टक्के. या दोन भिंतींच्या मधली वाट सापडेपर्यंत चार जेट बदलल्या. इथेनॉलने फुगणारे रबरी फ्युएल पाइपही सगळे बदलावे लागले.

एवढे करून ताकद माझ्या अंदाजाने पंचाहत्तरपर्यंत गेली. इथे एक कटू गणित सांगायला हवे. पाव मैलाचा, म्हणजे ४०२ मीटरचा वेळ हा ढोबळमानाने वजन आणि ताकद यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाप्रमाणे बदलतो. ताकद दुप्पट केली तरी वेळ फक्त वीस टक्क्यांनी घटतो. हे मला आधीपासून ठाऊक होते, तरीही ताकदीच्या मागे लागायचा मोह सुटला नाही.

त्या मोहातूनच सर्वांत मोठी चूक झाली, आणि ती पूर्णपणे माझी. इंजिन पटकन फिरावे म्हणून मी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाचे जड चाक, लेथवर छिलून घेतले. काका म्हणाले, “थोडंच काढू.” मी म्हणालो, “अजून.” गाडी गॅरेजात उभ्या उभ्या अशी गुरगुरायची की ऐकून बरे वाटे. मग कोलशेतजवळच्या एका बंद कारखान्याच्या आवारात, मालकाची परवानगी घेऊन, जागेवरून सुटण्याचा सराव सुरू केला आणि प्रत्येक वेळी क्लच सोडताच इंजिन मान टाकू लागले. कारण साधे होते. लहान इंजिनाला खालच्या आरपीएमला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, नसतो; उभ्या गाडीला पहिला रेटा मिळतो तो फिरत्या फ्लायव्हीलमध्ये साठलेल्या ऊर्जेतून, आणि नेमकी तीच मी लेथवर लोखंडाच्या किसाबरोबर झाडून टाकली होती. मोठ्या इंजिनाच्या गाड्यांचे सल्ले लहान इंजिनाला लावले की असे होते. वर कापूरबावडीच्या कोंडीत गाडी दर दहा मिनिटांनी बंद पडायची, ती शिक्षा निराळी. शेवटी कुर्ल्याच्या भंगार बाजारातून दुसरे, मूळ वजनाचे फ्लायव्हील शोधून आणले. काका त्यावर काहीच बोलले नाहीत. फक्त छिललेले फ्लायव्हील त्यांनी बाकाच्या पायाखाली टेकण म्हणून सरकवले, आणि ते अजून तिथेच आहे.

यानंतर मी लक्ष पहिल्या साठ फुटांकडे वळवले. तिथे वाचलेला दशांश सेकंद शेवटच्या रेषेपर्यंत दीडपट होऊन परत मिळतो. सुटताना गाडी मागे बसते ती वजन मागच्या चाकांवर सरकते म्हणून. या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत २,४२० मिलिमीटर अंतर आहे. बेताच्या वेगवाढीला साधारण ७५-८० किलो वजन मागे जाते आणि टायरला पकड देते. पुढचे शॉकॲब्झॉर्बर सैल ठेवले तर हे वजन लवकर सरकते, पण तेच घाटात ब्रेक मारताना गाडीचे नाक जमिनीत खुपसतात. मी मधला मार्ग घेतला. वळणावर मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल वेल्ड करून दोन्ही मागची चाके एकत्र बांधण्याचा स्वस्त उपाय बरेच जण सुचवतात. नौपाड्याच्या गल्लीत गाडी वळवून पाहिलेला माणूस तो सुचवणार नाही. त्याऐवजी मऊ रबराचे टायर घेतले आणि धावण्याआधी मागची हवा ३२ वरून २४ वर आणायची सवय लावली. परतीच्या वाटेसाठी हवेचा लहान पंप डिकीत असतो.

रोल केजला, म्हणजे गाडी उलटल्यास आतल्या माणसाला वाचवणाऱ्या लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्याला, मी नकार दिला. शर्यतीत डोक्यावर हेल्मेट असते, पण रोजच्या वापरात नसते, आणि उघडे डोके लोखंडी नळीवर आपटण्याची भीती मला पाव मैलाच्या वेगापेक्षा जास्त वाटते. मागचे आसन चार बोल्टवर आहे. ते धावण्यापुरते काढतो आणि पुन्हा लावतो, म्हणजे आसनसंख्या शाबूत.

नवी मुंबईतल्या पाम बीच रस्त्यावर धावण्याचा मोह का झाला नाही, असे ऐरोलीच्या एका मित्राने विचारले. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे हे खरेच, पण त्या रस्त्यावर पहाटे चालायला येणारी माणसे मी पाहिलेली आहेत. त्यामुळे गाठली ती लोणावळ्यापलीकडची ॲम्बी व्हॅलीची धावपट्टी.

ठाण्याहून कळवा, ठाणे-बेलापूर रस्ता, कळंबोली आणि मग बोरघाट. घाटात ट्रकांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तापमानाचा काटा चढत गेला तेव्हा रेडिएटरची नवी जाळी घालण्याचा खर्च वसूल झाला. वर एक गोष्ट मात्र मी विसरलो होतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे आणि तिथली हवा ठाण्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी विरळ. ताकद तेवढी कमी झाली, आणि खाली बरोबर बसवलेली जेट वर जाड मिश्रण देऊ लागली. स्पार्क प्लग काळे निघाले. एक नंबर लहान जेट खिशात होती म्हणून निभावले.

ओव्हरहॉलनंतर, काहीही बदल करण्याआधी, गाडीची पहिली नोंद २०.४ सेकंदांची होती. या वेळी पहिल्या धावेत चाके फिरली आणि १८.३ लागले. दुसऱ्या धावेत क्लच अर्धवट घसरवत सोडला आणि १७.६ मिळाले. तिसरी धाव एका नव्या हॅचबॅकशी होती. सुरुवातीच्या खांबावरचे पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने खाली उतरतात. शेवटचा पिवळा दिसताच निघायला हवे, हिरव्याची वाट बघत बसलात तर गेलात. माझी धाव पुन्हा १७.६, त्याची १७.९. शेवटच्या रेषेवर तो माझ्या पुढे होता, कारण धावेचा वेळ गाडी हलल्यापासून मोजला जातो आणि हिरव्या दिव्यानंतर मला हलायलाच ०.९ सेकंद लागले होते; त्याला ०.४.

रात्री घरी पोचल्यावर वडिलांनी धावांच्या वेळांचा कागद हातात घेतला, चष्मा लावून सगळे आकडे वाचले आणि विचारले, “मग गाडीत अजून काय बदलायचं राहिलंय?” मी मागचे आसन डिकीजवळून उचलून आत ठेवले आणि बोल्ट शोधू लागलो. चारपैकी तीनच सापडले.