कुठल्या टीमला टाळ्या वाजवता?

सप्टेंबर २०१४ ची एजबॅस्टनची टी-ट्वेंटी आठवतेय? तीच, धोनीनं शेवटच्या ओव्हरला रायुडूला स्ट्राइकच दिला नाही आणि आपण ३ रनांनी हरलो. माझ्या डोक्यात मात्र त्या मॅचमधलं भलतंच बसलंय. इंडियाच्या सपोर्टर्सनी मोईन अलीची हुर्यो उडवली होती. आता बघा, माणूस जन्मला बर्मिंगहॅममध्ये, ग्राउंड बर्मिंगहॅमचं, खेळतोय इंग्लंडकडून, आणि ओरडणाऱ्यांतले बरेचसे स्वतःच इंग्लंडमध्ये राहणारे! त्याचा गुन्हा काय, तर आजोबा पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरकडचे. आजी गोरी इंग्लिश होती, पण ते कोण बघतो.

नॉर्मन टेबिट हे कन्झर्व्हेटिव्ह नेते १९९० मध्ये बोलून गेले होते की ब्रिटनमधले एशियन लोक मॅचला कुणाला चिअर करतात ते बघा, बरेच जण नापास होतील. ‘क्रिकेट टेस्ट’ हे नाव तेव्हापासून जे चिकटलं ते चिकटलंच. मोईन तर छातीवर तीन सिंह, म्हणजे इंग्लंडच्या टीमचं चिन्ह, लावून खेळत होता, आणखी कशी पास व्हायची ही टेस्ट?

मला विचाराल तर कुठल्या टीमसाठी जीव वरखाली होतो हे लहानपणी कुणाच्या मांडीवर बसून मॅच पाहिली त्यावर ठरतं, त्याचा टॅक्स भरण्याशी न् कायदा पाळण्याशी काय संबंध?

पण म्हणून मल्टिकल्चरलिझमवाल्यांचं, म्हणजे प्रत्येक समाजानं आपापली संस्कृती जपत राहावं म्हणणाऱ्यांचं, सगळं पटतं असंही नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून म्युनिकला म्हणाले की या धोरणामुळे लोक आपापल्या कोषात वेगळे राहायला लागले, त्यावर बरीच टीका झाली, पण भाषेपुरतं मला त्यांचं पटतं. इंग्रजी येत नाही म्हणून आई डॉक्टरसमोर गप्प बसलीये आणि तिचं दुखणं दहा वर्षांचा मुलगा इंग्रजीत सांगतोय, म्हणजे काय काय सांगायचं राहून जात असेल विचार करा, तेही बाईचं दुखणं! याला संस्कृती जपणं कसं म्हणायचं, त्या बाईला वाऱ्यावर सोडलंय सरळ सरळ.

आणि गंमत बघा, याच कॅमेरूननी जानेवारी २०१६ मध्ये मुस्लिम बायकांना इंग्रजी शिकवायला २ कोटी पाउंड जाहीर केले, पण त्याआधीच्या वर्षांत इंग्रजीच्या क्लासेसचे पैसे त्यांच्याच सरकारनं कापले होते, आणि कापलेली रक्कम या २ कोटींपेक्षा कितीतरी मोठी होती.