इलेक्ट्रॉनिक्स क्लबमधलं पहिलं सर्किट: चोवीस मुलं, सहा सोल्डरिंग आयर्न आणि ५५५

हायस्कूलच्या इलेक्ट्रॉनिक्स क्लबमध्ये पहिलं सर्किट म्हणून मी दरवर्षी ५५५ टायमरवर (ठरावीक वेळाने आउटपुट चालू-बंद करणारी आयसी, म्हणजे चिप) लुकलुकणारा एलईडीच घेतो. हॅन्स कॅमेन्झिंड यांनी १९७१ मध्ये रचलेली ही आयसी आजही सहज मिळते, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, आणि मुख्य म्हणजे जोडणी चुकली तर कुठे चुकली याचा पत्ता एलईडी स्वतःच देतो. ४० मिनिटांच्या चार तासिका लागतात. तीनमध्ये उरकून पाहिलं, तर दोष शोधायलाच वेळ उरला नाही. या विषयातलं खरं शिक्षण तर तिथेच आहे.

प्रत्येकाला एक ५५५, आठ पायांचा आयसी सॉकेट, १ किलोओहम, ६८ किलोओहम आणि ४७० ओहमचा एकेक रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक (त्यावर १०३ छापलेलं असतं), लाल एलईडी आणि बॅटरीची क्लिप. दर दहा मुलांमागे दोन आयसी आणि चार एलईडी जास्तीचे ठेवतो. बॅटरी उलटी लागली की ५५५ चटका बसेल इतकी तापते आणि बहुधा कामातून जाते.

पहिली तासिका फक्त ब्रेडबोर्डची, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचून जोडायच्या भोकांच्या पाटीची. मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना आयसीचे चार-चार पाय यायला हवेत, नाहीतर समोरासमोरचे पाय आतून जोडले जातात. १ नंबरचा पाय बॅटरीच्या ऋणाला, ८ धनाला. ४ आणि ८ एकत्र, २ आणि ६ एकत्र. ८ ते ७ मध्ये १ किलोओहम, ७ ते ६ मध्ये ६८ किलोओहम, ६ पासून ऋणाला मोठा कपॅसिटर, ५ पासून ऋणाला छोटा. ३ नंबरवरून ४७० ओहम, त्यापुढे एलईडीचा लांब पाय, आखूड पाय ऋणाला. लांब ब्रेडबोर्डवर कडेच्या धन-ऋण पट्ट्या कधीकधी मध्यावर तुटलेल्या असतात. सगळं बरोबर असूनही काहीच पेटत नसेल, तर मी आधी तिथे मल्टिमीटर लावतो.

ब्रेडबोर्डवर एलईडी लुकलुकल्याशिवाय कुणाच्याही हातात आयर्न देत नाही. आधी सोल्डरिंग केलं, तर चूक जोडणीची की डागाची (सोल्डर वितळवून केलेल्या सांध्याची) हे कळायला मार्ग राहत नाही.

दुसऱ्या तासिकेत उरलेल्यांची जोडणी पुरी होते आणि बाकीचे रद्दी बोर्डवर दहा-दहा डाग देतात. २५ वॅटची आयर्न आणि ०.८ मिलिमीटरची, आत राळ असलेली सोल्डर तार पुरते. नळजोडणीसाठी मिळणारं आम्लाचं फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावतात ते) मात्र वर्गात आणूच नये, ते तांबं खात राहतं. स्पंज ओलसर हवा, पाणी गळणारा नको. आयर्नचं टोक एकाच वेळी बोर्डच्या भोकाभोवतीच्या तांब्याच्या कड्याला आणि भागाच्या पायाला टेकवायचं, दीड-दोन सेकंद थांबायचं, मग तार टोकाला नाही तर त्या सांध्याला लावायची. आधी तार काढायची, मग आयर्न. फुंकर मारायची नाही, गोठेपर्यंत हलवायचं नाही. चांगला डाग पायाला चिकटत उतरलेला, कडेला पातळ झालेला, चकचकीत शंकूसारखा दिसतो. कड्यावर नुसती गोळी बसलेली दिसली की तिथे कडं तापलेलंच नव्हतं, तो ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा सांधा. उलट पाच-सहा सेकंदांच्या पुढे आयर्न टेकवून ठेवली, तर कडं बोर्डवरून उखडतं.

चष्मा, उघड्या खिडक्या आणि शेवटी साबणाने हात धुणं यात सूट नाही, कारण ६०-४० सोल्डरमध्ये शिसं असतं. उरलेले पाय कापताना ते बोटांत धरायचे, नाहीतर तुकडा गोळीसारखा उडतो.

तिसऱ्या तासिकेत झीरो पीसीबी, म्हणजे नुसत्या भोकांचा आणि तांब्याच्या कड्यांचा कोरा बोर्ड. सगळ्यांत जास्त चुका इथे होतात आणि बहुतेकींचं कारण एकच असतं: बोर्ड उलटला की आकडे उलटतात. वरून पाहताना आयसीचे पाय तिच्या एका टोकाला असलेल्या खाचेपासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजायचे, तांब्याच्या बाजूने पाहताना घड्याळाच्या दिशेने. हे नुसतं सांगून भागत नाही. म्हणून सॉकेट बसवला की लगेच तांब्याच्या बाजूला १ नंबरच्या कड्याशेजारी मार्करने ठिपका द्यायला लावतो आणि खालच्या बाजूचं चित्र वेगळं काढून घेतो. आयसी मात्र सगळे डाग झाल्यावरच सॉकेटमध्ये बसवायची.

चौथ्या तासिकेत मी कुणाचाही बोर्ड हातात घेत नाही. फक्त विचारतो, “एलईडी काय करतोय?” एकदा पेटून कायमचा विझला तर ७ नंबरचा डाग बघ: कपॅसिटर भरतोय, पण रिकामा व्हायला वाट नाही. सतत पेटलेला दिसतोय? मोठ्या कपॅसिटरच्या जागी १०३ गेला असेल. तेव्हा तो सेकंदाला हजारभर वेळा लुकलुकत असतो, डोळ्याला ते कळत नाही. फडफडतोय, सेकंदाला दहाएक वेळा? निळा-करडा-नारिंगी ऐवजी निळा-करडा-लाल, म्हणजे ६८ ऐवजी ६.८ किलोओहम. पिवळट उजेडात हे दोन रंग भल्याभल्यांना फसवतात, त्यामुळे आता रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजल्याशिवाय लावू देत नाही.

सर्किट चाललं की ३० सेकंदांतल्या लुकलुकी मोजायच्या. १.४४ भागिले [(१ किलोओहमचा रेझिस्टर अधिक ६८ किलोओहमच्याची दुप्पट) गुणिले मोठा कपॅसिटर], या सूत्राने सेकंदाला १.०५ येतात, म्हणजे तीस सेकंदांत साधारण ३१. प्रत्यक्षात कुणाचे २७ येतात, कुणाचे ३६, आणि आपलं चुकलं म्हणून मुलं हिरमुसतात. तेव्हा सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहून घेतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सहसा २० टक्के इकडेतिकडे असतो, त्यामुळे २६ ते ३९ पर्यंत काहीही बरोबरच आहे. मात्र एखाद्याचा आकडा १४ आला, तर त्याच्या बोर्डवर २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसलेला असतो.