ऊन असताना अंधार

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी मी "टेक्निकल कारण आहे हो" म्हणून विषय बदलतो.

गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर, खालच्या हॉलमध्ये लोकांना वीज वाचवायला शिकवता, मग कॉलनीची लाइट गेली की तुमच्याकडेही अंधार कसा? प्रत्येकाला हेच पडलेलं असतं. जलूदहून ७० किलोमीटर, विंध्य चढून इंदूरला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याला किती वीज लागत असेल, हे मात्र एकानेही विचारलेलं नाही.

माझं सोलर ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं आहे, बॅटरी नाही. लाइट गेली की पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा सोलरचा इन्व्हर्टर आपला आपण बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला माझ्या गच्चीवरून शॉक बसेल. हे वाक्य आता बायकोच पूर्ण करते.

पण त्या एप्रिलमध्ये शाळेची मुलं आली होती. सायकल मारून आधी ९ वॅटचा एलईडी लावायचा, मग स्विच बदलून गाडीच्या हेडलाइटचा ६० वॅटचा दिवा. पेडल एकदम जड होतं, पोरं सीटवरून उठून जोर लावतात. फळ्यावर आकडे लिहून जे कळत नाही ते पोटऱ्यांना कळतं. शेजारी दोन पंखे, एक साधा, एक कमी वीज खाणारा, मीटरवर ७५ आणि २८ वॅट. पोरं आकडे वाचत होती आणि लाइट गेली.

एक मुलगी म्हणाली, "अंकल, धूप तो है ना?"

मी लाइनमन सुरू केला. तेवढ्यात आतून अप्पांचा आवाज, "अरे, गादी बसली."

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी होती त्यांना, पंपावर चालणारी. मी आत धावलो, त्यांना कुशीवर वळवलं, मासिकाने वारा घालत बसलो. दारात ती मुलगी. "साइकिल से चला दें?"

सायकलची वीज १२ व्होल्ट, पंपाला २३० लागतात. मधलं यंत्र माझ्याकडे नव्हतं. पोरं मात्र बाहेर पेडल मारतच होती. दोन तास लाइट आली नाही.

बॅटरी घे, असं अप्पा आधीच म्हणाले होते. मी तेव्हा त्यांना हिशेब ऐकवला: सबसिडीचे ७८,००० पॅनलचे, बॅटरीला छदाम नाही, काही वर्षांनी ती बदला, भरताना-काढताना वीज वाया जाते ती वेगळीच. आणि इंदूरला लाइट जाते कुठे आता! यातलं शेवटचं सोडलं तर आजही मला काही चूक वाटत नाही. वाटायला हवं का? अप्पांची पाठ पुसताना वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या खोलीत साधा इन्व्हर्टर आणि लेड-ॲसिडची बॅटरी आणली. तेव्हापासून पाहुणे आले की त्या खोलीचं दार मी लोटून घेतो. अप्पा गेले. बॅटरी आहे, पाणी घालतो तिला. दार अजून लोटतो.